बंड्याच्या खांद्यावरचं लेकरू

दारव्ह्याजवळून,
७ डिसेंबर २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. मुलगी झाल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. रेंज येत-जात होती, धड बोलणं झालंच नाही. त्यात इकडे जे घडलं ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

वहिनीला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट घसरल्या म्हणून दादानं तिला यवतमाळला नेलं, सोबत आई गेली. घरी राहिलो मी, चुलतभाऊ बंड्या आणि नऊ महिन्यांची चिमी. वेचणी ऐन भरात आहे. गल्लीतल्या बाया सकाळीच कापसाला जातात त्या दिवस बुडता परततात. लेकराजवळ आम्ही दोघंच.

पहिल्या दुपारी ती रडायला लागली ती थांबेचना. वरणाचं पाणी पाजलं, ओकून टाकलं. डायपर बांधला, तो गळाला. माझे हात थरथरत होते रे, खरं सांगतो. बंड्या म्हणाला, "तुले जमत नसन तं मले दे." खांद्यावर घेऊन तो तिला थेट गोठ्यात घेऊन गेला. बुजलेल्या गोऱ्ह्याला तो जसा हलक्या आवाजात "हो... हो..." करत थोपटतो, तसंच तिला थोपटू लागला. चिमी हळूहळू निवली. गाईच्या गळ्यातली घंटी वाजली की मान वळवून बघायची.

संध्याकाळी आशाताई येऊन गेल्या. पाणी उकळून डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर कशी कालवायची, खिचडी किती मऊ करायची, सगळं दाखवलं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हे दोनदा बजावलं. शेजारच्या काकूंनी जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधून दिली.

त्या रात्री झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून आम्ही मोबाइलवर 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' लावला. आठवतो? १९८९ चा, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेचा. यवतमाळच्या खोलीवर होतो तेव्हा घरमालकांच्या टीव्हीवर पाहिला होता आपण. तेव्हा नुसते हसलो होतो. या वेळी मी लेकराकडे बघत होतो. त्याला ना कॅमेरा कळतो, ना संवाद. ते रडतं तेव्हा खरंच रडतं. अशा लेकरासमोर नटाचं टायमिंग काय कामाचं? तरी ती जोडी त्याला सांभाळून घेते. अशोकमामाच्या चेहऱ्यावरचा वैताग आणि लक्ष्याची तारांबळ, दोन्हीच्या खाली माया दिसते, आणि मला वाटतं सिनेमा त्या मायेवरच उभा आहे. मामांना या वर्षी पद्मश्री मिळाली तेव्हा बंड्यानं पेढे वाटले होते. लक्ष्याला जाऊन येत्या १६ तारखेला २१ वर्षं होतील. पन्नाशीतच गेला माणूस.

हीच कल्पना फ्रेंचमध्ये १९८५ ला आणि इंग्रजीत १९८७ ला येऊन गेली होती. तिथे तीन पुरुष आणि एक बाळ. इंग्रजी सिनेमात त्या एका बाळासाठी जुळ्या बहिणी घेतल्या होत्या. दोन रात्री काढल्यावर मला ते पुरतं पटलं. सगळीकडे हसू एकाच गोष्टीचं, की पुरुषाला लेकरू सांभाळता येत नाही. पण आपल्याला ते शिकवलं कोणी, सांग. बैल कसा जुंपायचा, मोटर कशी सुरू करायची, सगळं शिकवलं. लेकराची मान कशी धरायची हे मला तेहतिसाव्या वर्षी काकूंनी दाखवलं.

आणि ब्रह्मचारी हा शब्द आमच्याकडे आता हसण्यावारी नेता येत नाही. बंड्या पस्तिशीला आला. सहा एकर ओलिताची जमीन आहे, व्यसन नाही, तरी तीन वर्षांत सात ठिकाणांहून नकार आले. मुलीच्या बापाला जावयाकडे वावर पाहिजे, पण जावई वावरात राबणारा नको. मुलींनाही दोष देत नाही मी, त्यांनी आईचे हाल पाहिलेत. पण गावात आमच्यासारखे बरेच आहेत, आणि त्यांच्या मनात काय चालतं हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली. बंड्या भिंतीला टेकून बसला होता, छातीवर चिमी. म्हटलं, "झोपली ना ते? टाक ना झोळीत."

"राहू दे ना बे थोडा वेळ," तो म्हणाला.

मी कूस बदलली. झोप लागली नाही.

वहिनी गुरुवारी परत आली, आता बरी आहे. तिला पाहताच चिमीनं झेप घेतली. बंड्या दाराशी जरा वेळ उभा राहिला, मग फवारणीचा पंप घेऊन वावरात गेला.

संक्रांतीला तुम्ही तिघं या. लुगडं धुऊन ठेवलं आहे, झोळीची दोरीही बंड्यानं नवी आणली आहे.

तुझा,
विलास

ता. क. मुलीचं नाव काय ठेवलं ते लगेच कळव. बंड्या रोज विचारतो.