सुका जवळा मुलांच्या ताटात हवा, पण वाळूशिवाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ जुलैला मासेमारी बंदी संपेल, दर्याला नारळ वाहून होड्या पाण्यात उतरतील आणि पापलेट किती महागले याच्या बातम्या सुरू होतील. हे पत्र पापलेटबद्दल नाही. वर्सोवा, मढ, गोराई, उत्तन, अर्नाळा या पट्ट्यात हंगामात ढिगांनी उतरणारा जवळा (अगदी बारीक कोळंबी) आणि बोंबील, आणि इथून दोन-तीन तासांवर पालघरच्या पाड्यांत वजन न भरणारी मुले, यांच्याबद्दल आहे. ही मासळी त्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. समुद्रात ती नाही म्हणून नव्हे, किनाऱ्यावर ती स्वच्छ वाळवण्याची सोय नाही म्हणून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. उंचीच्या मानाने रोड मुले २५.६ टक्के, देशाचा आकडा १९.३. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. मे २०२५ पासून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मिळतात ताटामागे ६ रुपये ७८ पैसे. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंडे परत आलेच पाहिजे. पण किनारी जिल्ह्यांत त्याच्या जोडीला दुसरी वस्तू दारात पडून आहे, ती का वापरू नये?

सुक्या जवळ्याच्या वजनात साधारण ६० टक्के प्रथिने असतात. म्हणजे १० ग्रॅम सुका जवळा आणि एक अंडे, प्रथिने सारखीच, सुमारे ६ ग्रॅम. शिवाय जवळा कवचासकट खाल्ला जातो, त्यामुळे डाळ-भातातून फारसे न मिळणारे कॅल्शियम मिळते, आणि वनस्पतींत नसलेले ब-१२ जीवनसत्त्वही. किलोला ५०० रुपये भाव धरला तरी १० ग्रॅमचे ५ रुपये होतात. त्याला फ्रिज लागत नाही, फुटायची भीती नाही, टेम्पोने पालघरमधल्या जव्हारला पाठवता येतो. ओडिशाने मयूरभंज जिल्ह्यात अंगणवाड्यांच्या आहारात सुकी मासळी देण्याचा प्रयोग केलेला आहे, तेव्हा कल्पना नवी नाही.

हिशेब मांडून पाहा. एक लाख मुलांना आठवड्यातून एकदा १० ग्रॅम द्यायचे तर आठवड्याला एक टन सुका जवळा लागेल. ताज्या जवळ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, म्हणून तो १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला की १० किलोचे जेमतेम सव्वादोन किलो उरतात. एक टन सुक्यासाठी साडेचार टन ताजा. हे आवाक्यातले आहे. आवाक्यात नाही ती त्याची प्रत. आज उघड्यावर वाळवलेला जवळा लहान मुलाच्या ताटात घालावा अशा अवस्थेत नसतो, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

बोंबलाचे तुलनेने बरे आहे. जबड्यात जबडा अडकवून तो जोडीने वलांडीवर (बांबू-दोरीच्या मांडवावर) टांगला जातो, जमिनीला लागत नाही. जवळा मात्र खळ्यावर, डांबरी रस्त्यावर किंवा सरळ वाळूवर पसरतात. त्यात रेती येते, कुत्री-कावळे येतात, माशा अंडी घालतात, शेजारच्या बांधकामाची धूळ बसते. रात्री दव पडले की दिवसभर गेलेला ओलावा परत शिरतो. अवकाळी पावसाची एक सर आली की सगळा माल खतात जातो. म्हणून सुधारणेची सुरुवात जवळ्यापासून व्हावी, बोंबील नंतर.

जवळ्याच्या पोटातले पाचकरस मेल्यावरही काम करत राहतात, त्यामुळे काही तासांतच त्याचे डोके काळे पडते आणि अंग मऊ होते. म्हणून सुधारणा होडीवरच सुरू करावी लागते: मासळीइतकाच बर्फ, आणि टोपल्यांऐवजी तळाला भोके असलेले प्लास्टिकचे क्रेट. धक्क्यावर खाडीच्या पाण्याने धुणे बंद. पिण्याच्या १०० लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३० टक्के क्लोरिनची) घातली की १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) क्लोरिन मिळते. धुण्याला तेवढे पुरते. पाणी निथळल्यावर जवळा फूडग्रेड जाळीच्या ट्रेवर अर्ध्या इंचापेक्षा जाड न पसरता वाळवणयंत्रात जावा.

वाळवणयंत्र म्हणजे फार मोठे तंत्रज्ञान नव्हे. पाइपांचा सांगाडा, त्यावर अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, खाली काळा तळ, एका टोकाला जाळी लावलेली हवेची वाट, दुसऱ्या टोकाला सौर पॅनलवर चालणारे पंखे. वसईच्या कुठल्याही फॅब्रिकेशन वर्कशॉपला ते जमेल. ते किती मोठे हवे, हे पाण्याच्या हिशेबाने ठरते. १०० किलो बोंबलात सुमारे ८८ किलो पाणी, त्यातले ८६ किलो काढायचे. एवढे पाणी उडवायला ५७ युनिट उष्णता लागते. यंत्राची कार्यक्षमता एकतृतीयांश धरली तर १७० युनिट. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी चौरस मीटरला साधारण ५ युनिट ऊन मिळते, म्हणजे ३५ चौरस मीटर छप्पर एक दिवस, किंवा १७-१८ चौरस मीटर दोन दिवस. जवळ्यात पाणी थोडे कमी, म्हणून जागाही थोडी कमी. विक्रेता १० चौरस मीटरच्या पेटीत ‘दिवसाला १०० किलो’ सांगत असेल तर त्याला हे गणित करायला लावावे.

अनुदानातून आलेली अशी यंत्रे दोन वर्षांत गंजून का पडतात, त्याची कारणेही ठरलेली आहेत. जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडी पाइपाला वेल्डिंग केले की तिथले जस्त जळते आणि खारी हवा नेमकी तिथून शिरते. म्हणून जोड नट-बोल्टचे हवेत. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील समुद्रकाठी बारीक खड्डे पडून गंजते. ट्रेची चौकट ३१६ ची घ्यावी किंवा स्टील टाळून जाड प्लास्टिकच घ्यावे. कागद फाटतो तो तापलेल्या पाइपाला घासून, तेव्हा मध्ये पट्टी लावावी. ओली हवा बाहेर जायची वाट लहान ठेवली तर आत वाफ कोंडते आणि मासळी वाळण्याऐवजी उकडते. तापमान ४५ ते ५० अंशांत राहिले पाहिजे. ६० च्या वर गेले की वरचा थर कडक होतो, आतला ओलावा आतच अडकतो आणि महिनाभरात बुरशी येते. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण ‘जास्त गरम म्हणजे लवकर’ असे वाटते. आणि रात्रीसाठी वीज किंवा गॅसवर चालणारा छोटा तापक हवाच, नाहीतर दवाचा प्रश्न आत येऊन बसतो. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तेव्हा शेतीच्या दराची वीज या तापकांना मिळावी.

जवळा वाळला की नाही हे हाताने दाबून ठरवू नये. सुरुवातीला एका ट्रेवर मोजून १० किलो पसरावे; ट्रे वगळून सव्वादोन किलो भरले की झाले. साधा वजनकाटा हेच इथले ओलावा मोजायचे यंत्र. मग गार होऊ द्यावे, कारण गरम माल पिशवीत घातला तर आत घाम धरतो. गोणपाट नको, जाड लॅमिनेटच्या हवाबंद पिशव्या. गोणीत किडा पडतो आणि त्यावर कीटकनाशक फवारायचा मोह होतो. मुलांच्या आहारासाठी घेतलेल्या मालात त्याला थारा असता कामा नये.

प्रत्येक खेपेची तपासणी हवी: ओलावा, मीठ, साल्मोनेला हे रोगजंतू आणि आम्लात न विरघळणारी राख. ही शेवटची चाचणी स्वस्त आहे आणि खोटे बोलत नाही, कारण ती राख म्हणजे वाळू. खाड्यांत कारखान्यांचे सांडपाणी येते, म्हणून शिसे, कॅडमियम आणि पारा हंगामातून किमान दोनदा तपासावे. पुढे बोंबील घेतला तर एक सावधगिरी ठेवावी लागेल: बोंबलात मेल्यावर निसर्गतःच फॉर्मल्डिहाइड तयार होते, त्यामुळे झटपट चाचणीची पट्टी रंगली म्हणून कोणी माल टिकवायला फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) मारले असे लगेच होत नाही. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या तपासनिसाच्या हातून निर्दोष माल फेकला जाऊ शकतो.

स्वयंपाकघरात काम थोडेच उरते. जवळा मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजायचा, दळायचा, निम्म्या वजनाचे डाळे, लसूण आणि थोडी मिरची घालून सुकी चटणी करायची. खोबरे नको, ते खवट होते. वरून मीठही नको, समुद्राचे असतेच. चटणी वेगळ्या डब्यात असावी, आमटीत मिसळू नये. म्हणजे जे घर मासे खात नाही त्या मुलाच्या ताटाला धक्का लागत नाही, आणि कोळंबी-जवळ्याने अंगावर पित्त उठणारे मूलही सुरक्षित राहते. त्यांना केळे किंवा चिक्की मिळावी. न खाणाऱ्यांचा मान राखायचा म्हणून खाणाऱ्यांच्या तोंडचे काढायचे, हा न्याय नव्हे.

आता समुद्राकडे. सरकार मासळीचे गिऱ्हाईक झाले तर उपसा वाढेल, ही भीती रास्त आहे. जवळा जन्मतःच लहान जातीचा, वर्षभराच्या आत आयुष्य संपणारा. तो पकडणे म्हणजे पिल्ले मारणे नव्हे. पण तो धरणाऱ्या डोलीचा (पिशवीसारख्या जाळ्याचा) खोला, म्हणजे मासळी साठते ते शेवटचे टोक, बारीक आसाचा (जाळीच्या घरांचा) असतो आणि त्यात बोंबील, पापलेट, घोळ यांची पिल्लेही येतात. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) खोल्याला ४० मि.मी. चौकोनी आस लावण्याचा उपाय सिंधुदुर्गात वापरून पाहिलेला आहे. शंकरपाळ्यासारखा आस जाळे ओढले की ताणाने मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि गोल अंगाची पिल्ले सुटतात. तरी त्यावर सगळा भार टाकू नये. ४० मि.मी. हे ताणलेल्या आसाचे माप, म्हणजे भोक २० बाय २० मि.मी., कर्ण २८. पापलेटाची उंची लांबीच्या निम्म्याहून जास्त असते, त्यामुळे बोटभर पिल्लूही त्यातून निघत नाही. आणि जवळ्याच्या डोलीला ४० मि.मी. लावले तर जवळाच येणार नाही.

म्हणून इथे जाळ्यापेक्षा खरेदीची अट जास्त उपयोगाची. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मि.मी., बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटाला राज्य माशाचा मान मिळाला. पण गस्ती नौका किती होड्यांवर चढणार? पोषण आहाराच्या निविदेत लिहावे की सुका बोंबील १८० मि.मी. पेक्षा आखूड चालणार नाही (वाळल्यावर जाडी जाते, लांबी फारशी नाही), आणि जवळ्याच्या खेपेतून काढलेल्या एक किलो नमुन्यात इतर माशांची पिल्ले ठरावीक वजनापेक्षा जास्त निघाली तर खेप परत. मग पिल्ले कुठे येतात, कोणत्या महिन्यात येतात, हे होडीचा प्रमुख, तांडेल, स्वतःच बघेल. त्याच्याइतके ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

गिऱ्हाइकाची अट काय करते हे कोळंबीने दाखवले आहे. ट्रॉलमध्ये कासवे सुटण्याची जाळी नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. ती जाळी म्हणजे खोल्याच्या अलीकडे तिरपी बसवलेली लंबगोल धातूची चौकट. सळ्यांतले अंतर ४ इंचांपर्यंत, कोन ३० ते ५५ अंश. कोळंबी सळ्यांतून मागे जाते, कासव घसरत वरच्या झडपेतून बाहेर पडते. कोन जास्त उभा झाला तर कासव सळ्यांना चिकटून राहते, फार आडवा झाला तर माल झडपेतून निसटतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेकडे आपल्या बोटींसाठीचे त्याचे आरेखन होते, पण बाजार बंद होईपर्यंत ते जाळ्यात बसले नाही. परदेशी गिऱ्हाईक अट घालू शकते, तर आपल्याच मुलांसाठी खरेदी करणारे आपले सरकार का नाही?

मत्स्यव्यवसाय, शालेय शिक्षण आणि महिला व बालविकास या तीन खात्यांनी ऑक्टोबरपूर्वी काही गोष्टी कराव्यात, कारण वाळवणीचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. कोळीवाड्यांतल्या वाळवणीच्या जागा मोजून सरकारी नकाशावर आणि कागदोपत्री कोळीवाड्याच्या नावे नोंदवाव्यात. जागा उद्या वाहनतळाला जाणार असेल तर तिथे कोणी यंत्र बसवणार नाही. वर्सोव्यातच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिच्याकडून वाळवणयंत्राचे एक आरेखन तपासून घेऊन ते सर्वांसाठी खुले करावे, म्हणजे एकाच ठेकेदाराची पेटी सगळ्यांच्या गळ्यात पडणार नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले, तेवढे वाळवणारणींच्या गटांना मिळावे, आणि त्यासोबत तीन वर्षांचा खरेदी करार. कराराशिवाय दिलेले यंत्र पहिल्या पावसाळ्यानंतर जाळी ठेवायची खोली होते. पहिल्या वर्षी वर्सोवा आणि अर्नाळा ही दोनच केंद्रे, पालघरच्या एका तालुक्यातल्या अंगणवाड्या आणि मुंबईतल्या एका प्रभागातल्या पालिका शाळा घ्याव्यात, आणि मुलांची वजने-उंची योजनेआधी, सहा महिन्यांनी व वर्षाने घेऊन जाहीर करावीत.

आपला,
एक मत्स्यप्रक्रिया अभियंता, अंधेरी (पश्चिम), मुंबई