जुना डबा भंगारात काढण्याआधी

संपादक महोदय,

यावलला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. डेस्कटॉप २०११ सालचा. सकाळी बटण दाबून मी समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचो, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. केळीच्या पीकविम्याच्या दिवसांत दारात शेतकऱ्यांची गर्दी आणि आत हार्डडिस्कची नुसती करकर. जळगावच्या एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "डबा भंगारात द्या, नवा घ्या भाऊ."

नव्याला पैसे कुठून आणू? फक्त साटा जोडणीची एसएसडी बसवली, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. मदरबोर्डवरची जोडणी जुनी, साटा-२ ची, म्हणजे सेकंदाला फार तर ३०० एमबी, नंतरच्या साटा-३ च्या निम्मंच. तरी फरक जबर. हार्डडिस्कमध्ये वेळ जातो तो तबकडीवर माहिती शोधत धावणाऱ्या काट्यामुळे. एसएसडीत हलणारं काहीच नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कसाठीचा एएचसीआय हा पर्याय निवडायचं राहिलं, त्यात माझी एक रात्र गेली, ते सोडा. अडीच इंची डिस्क आत बसवायला पट्टी नव्हती, म्हणून दुहेरी चिकटपट्टीने डब्याला चिकटवली. अजून हललेली नाही.

तालुक्यातल्या शाळांत असे कितीतरी डबे धूळ खात पडलेत. लिलावात काढण्याआधी एखाद्याचं झाकण तरी उघडून बघावं, एवढीच विनंती.

– एक दुकानदार, यावल (जि. जळगाव)