मळीतून घडावे द्राक्षबागेचे स्टिकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फळछाटणीचा हंगाम तोंडावर आला की आमच्या तासगाव भागात बुरशीनाशकांची जेवढी चर्चा होते, तेवढी त्यांच्यासोबत टाकीत पडणाऱ्या स्टिकरची, म्हणजे औषध पानावर नीट पसरवणाऱ्या द्रवाची, होत नाही. द्राक्षाच्या कोवळ्या पानावर साध्या पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा गोल राहतो आणि पान हलताच घरंगळतो. त्याच पाण्यात थोडे स्टिकर मिसळले की तो पानावर पसरून बसतो. पाण्याचा पृष्ठताण कमी करणे एवढेच त्याचे काम, पण ते झाले नाही तर महागडे औषध मातीत जाते. गेल्या हंगामात मी वापरलेल्या तीन बाटल्यांपैकी दोन बाटल्यांवर आत नेमके काय आहे याचा उल्लेख नव्हता आणि विक्रेत्यालाही ते सांगता आले नाही. द्राक्षातील औषधांचे अंश तपासून घेतल्याशिवाय ज्याचा माल परदेशी जात नाही, त्या बागायतदाराला आपण काय फवारतो हे माहीत नसावे, याचे मला फार वाईट वाटते. अशा उत्पादनांत पूर्वी सर्रास वापरल्या गेलेल्या नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट या रसायनावर युरोपीय संघाने 2003 साली कडक निर्बंध घातले, कारण त्यातून सुटणारे नॉनिलफेनॉल जलचरांच्या संप्रेरकांत बिघाड करते.

हेच काम सूक्ष्मजीवांनी तयार केलेले पदार्थ, म्हणजे बायोसर्फॅक्टंट, करू शकतात. माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. गॅरेजजवळच्या डिझेल मुरलेल्या मातीतून वेगळा केलेला जीवाणू वाढवून त्याच्या द्रावणाचा एक थेंब तिने बशीतील पाण्यावरच्या तेलाच्या थरावर सोडला, तेव्हा तेल क्षणात कडेला सरले आणि मध्ये स्वच्छ पाण्याचे वर्तुळ उघडले. तेलावर जगणाऱ्या अनेक जीवाणूंना तेल फोडून पाण्यात मिसळावे लागते, म्हणून ते असे रसायन बनवतात. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचे सर्फॅक्टिन हे बायोसर्फॅक्टंट पाण्याचा पृष्ठताण मीटरला 72 मिलिन्यूटनवरून 27 च्या आसपास आणते, आणि तेही अगदी अल्प मात्रेत. कुवेतमध्ये तेलाच्या टाकीच्या तळाचा गाळ सुटा करून त्यातील बहुतांश तेल परत मिळवण्यासाठीही असे पदार्थ वापरून झाले आहेत.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे ते स्यूडोमोनास जीवाणूंपासून मिळणारे रॅम्नोलिपिड हे बायोसर्फॅक्टंट. डाऊनी हा द्राक्षाच्या पानांवरचा रोग पसरवणारे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत रंध्रापर्यंत जातात आणि त्या अवस्थेत त्यांच्याभोवती कवच नसते. त्याच गटातील इतर रोगकारकांच्या अशा उघड्या बीजाणूंचे पटल रॅम्नोलिपिड फोडते, हे 1997 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. रोग एकदा पानात शिरल्यावर त्याचा उपयोग होणार नाही, म्हणून बुरशीनाशकाला तो पर्याय आहे असे मी म्हणत नाही. परंतु जे स्टिकर म्हणून टाकायचेच आहे, त्यानेच रोगाची वाट अडवली तर फवारणीचा भार हलका होण्याची आशा नक्कीच आहे.

अडचण किमतीची आहे. टाकीत हवा खेळवून जीवाणू वाढवताना प्रचंड फेस होतो आणि तयार झालेला पदार्थ वेगळा करणे खर्चाचे पडते. त्यात रॅम्नोलिपिड देणारा मूळ जीवाणू दुबळ्या प्रकृतीच्या माणसाला संसर्ग करू शकतो, त्यामुळे हा घरी ड्रममध्ये कालवण्याचा प्रकार नव्हे. तरीही स्लोव्हाकियात मक्याच्या साखरेवर चालणारा रॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना 2024 मध्ये सुरू झाला. आपल्याकडे साखर कारखान्यांत उरणारी मळी आहे, तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते, आणि मळीवर वाढवलेल्या जीवाणूपासून बायोसर्फॅक्टंट मिळते हे बडोद्याच्या संशोधकांनी 1997 मध्येच दाखवले आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत कारखाने आणि बागा एकमेकांना लागून असताना हा प्रयोग इथे का होऊ नये?

वसंतदादांच्या नावाची साखर संस्था आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, दोन्ही पुण्याजवळ मांजरीलाच आहेत. एकीने मळीपासून हा पदार्थ तयार करून पाहावा आणि दुसरीने तो बागेत तपासावा. पानाला चट्टे पडतात का, मण्यावरचा पांढरट मेणाचा थर टिकतो का, हेही त्यात पाहावे, अशी माझी विनंती आहे. तोवर प्रत्येक स्टिकरच्या बाटलीवर घटकाचे नाव मराठीत छापण्याची सक्ती कृषी विभागाने करावी. चाचणीसाठी माझ्या बागेतील चार ओळी मी येत्या छाटणीपासून द्यायला तयार आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
तासगाव तालुका, जि. सांगली