केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये सेवेला पोचलेल्या आई-बाबांना

बेळगाव, रविवार रात्र

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की माझं भांडणच होतं, म्हणून कागद घेतला. बाळ झोपलंय तोवर जेवढं होईल तेवढं.

आधी तवंदी घाटाचं. बाबा, तुम्ही मला सांगितलंत, "काही नाही ग, चहाला थांबलोय." खरं काय ते आईनं साताऱ्याला मावशीकडे टेकल्यावर सांगितलं. चढावर काटा लाल रेघेला गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली, रेडिएटरचा पाइप फाटलेला. मग तुम्ही डिकीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून ती ओढून ओढून पाइपाला गुंडाळलीत, वर तार आवळलीत आणि इंजिन गार होईपर्यंत पाऊण तास टोपणाला कुणाला हात लावू दिला नाहीत. प्यायच्या पाण्याचे दोन्ही कॅन त्यातच गेले. निपाणीत नवा पाइप मिळाला म्हणून बरं. "बत्तीस वर्षं डेपोत काय गवत उपटलं होय?" हे आईनं तुमच्याच आवाजात ऐकवलं. हसले मी. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत, हे विसरले नाही. येताना अंधार पडायच्या आत मुक्काम.

लोणंद, नीरा, मोरगाव, सुपे करत चौफुल्याला निघालात, पुणं टाळलंत, ते मात्र शहाणपणाचं.

आता भांडणाचं. मी म्हणाले होते, सेवाच करायची तर बेळगावात काय कमी आहे? इथलं ख्रिस्ती मिशनचं काम 1820 पासूनचं, आपल्याच चर्चच्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली चार माणसं आहेत, मग साडेतीनशे किलोमीटर कशाला? आई, तू कणीक मळता मळता म्हणालीस, "रमाबाई तरी कुठल्या? जन्म गंगामूळचा, कर्नाटकातल्याच की." आणि लहानपणी आईवडिलांबरोबर त्या देशभर पायी कशा हिंडल्या, ते चौथीच्या पोरीला सांगावं तसं मला सांगितलंस. मला उत्तर सुचेना, म्हणून जास्त राग आला. (ते आईवडील दुष्काळात गेले, एवढं तू सोयीनं गाळलंस. मला ठाऊक होतं.)

खरं सांगू? वय, डोळे, रस्ता असा जो पाढा मी वाचला, त्याच्या मागे पाळणा होता. जूनपासून मी कामावर जाणार आणि आई येणार, असं मी धरूनच चालले होते. तुला विचारलंसुद्धा नव्हतं. ह्यांनी काळजी काढली की "आई आहे की" म्हणून मोकळी व्हायचे. तुम्ही सहा महिन्यांचं सामान बांधलंत आणि माझा संताप संताप झाला. अडतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळून तू सुटलीस, आणि मी तुला परत हजेरीवर घ्यायला बसले होते.

टिळकवाडीत एक पाळणाघर बघितलंय. बाई कडक आहेत, पण बाळ त्यांच्याकडे रडलं नाही.

तिकडचं लिही. रमाबाईंचं मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी अक्षरांचे खिळे जुळवून छापलं, 1924 साली ते पुरं झालं, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, हे तू सांगायचीस तेव्हा माझं लक्ष मोबाइलमध्ये असायचं. ते खिळे अजून ठेवलेत का, बघून कळव. तुझ्या वाचनाच्या वर्गाला किती मुली येतात? बाबा, पंपाचं काम तुमच्याकडे आलंय म्हणे. दुपारच्या उन्हात तिथं बसू नका, आणि टोपी घालता की नाही ते आईला विचारणार आहे.

मुलींसाठी दिलेला कुंदा तवंदीतच अर्धा संपला, हेही कळलंय. साखर तपासून घ्या. पुढच्या महिन्यात मी बाळाला घेऊन येते, येताना दोन किलो आणते आणि डबा आईच्या हातात देते.

तो फाटका पाइप टाकला नसलात तर राहू द्या. मला बघायचाय.

तुमची,
बेबी