दारावरची हलकी थाप

संपादक महोदय,

एकट्या राहणाऱ्या वृद्धांविषयी बातमी येते ती बहुधा दुर्घटना घडल्यावर. ज्यांच्यामुळे ती टळते, त्या शेजाऱ्यांविषयी क्वचितच लिहिले जाते. सकाळी दारातले वर्तमानपत्र उचलले गेले का, संध्याकाळी दिवा लागला का, एवढेच ते पाहतात आणि नेहमीचा क्रम चुकलेला दिसला, तर काहीतरी निमित्त काढून दार वाजवतात. याचे मोल मोठे आहे, कारण घरात पडलेल्या वृद्धाला तासन्‌तास जमिनीवरच राहावे लागले, तर मूळ इजा किरकोळ असूनही शरीरातील पाणी कमी होणे, त्वचेला दाबाच्या जखमा होणे, स्नायूंची हानी होऊन मूत्रपिंडे निकामी होणे असे धोके वाढत जातात. जुलै १९९५ मध्ये शिकागोतील उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली आणि ज्यांच्याकडे कोणाचे येणे-जाणे नव्हते अशा एकाकी वृद्धांना तिची झळ विशेष बसली.

मला या शेजाऱ्यांचे अधिक कौतुक वाटते ते त्यांच्या मूकपणाबद्दल. आपल्यावर कोणी पाळत ठेवतो किंवा उपकार करतो, असे त्या स्वाभिमानी माणसांना ते कधी जाणवू देत नाहीत.

दूर राहणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे, की आईवडिलांच्या संमतीने त्यांनी आपला फोन क्रमांक, औषधांची माहिती आणि घराची एक किल्ली अशा विश्वासू शेजाऱ्याकडे आजच द्यावी आणि अधूनमधून त्याचीही आपुलकीने विचारपूस करावी.

— एक वाचक