डाळीचा डबा

जळगाव,
मार्गशीर्षातला पहिला शुक्रवार

तीर्थस्वरूप आई आणि आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या खाण्यापिण्याचा विषय निघाला की आई "बरं बरं, करू" म्हणते आणि फोन तुमच्या हातात देते. तुम्ही मला जळगावची थंडी विचारता, आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून या वेळी कागदावर लिहितेय. आप्पा, आईचा चष्मा अजून यायचाय, तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा, पण पूर्ण वाचा. मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

आधी एक कबुली देते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नळ आले आणि आई मागच्या दारी पाणी भरत होती. मी डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला देव्हाऱ्याखालचा कप्पा उघडला आणि हाताला हिशोबाची वही लागली. आई, तुला न विचारता मी ती वाचली. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दिवाळीपर्यंतचं पान न् पान वाचलं. रागावलीस तरी चालेल, पण पुढचं ऐक.

आखाजीला आम्ही सगळे आलो होतो. त्या महिन्याला तूर डाळ अडीच किलो, दूध रोज दीड लिटर, तूप अर्धा किलो, रवा, खोबरं, पोरांसाठी बदाम पाव किलो. बेरीज 5,240. पुढच्या महिन्यात तूर डाळ एक किलो, दूध रोज पाव लिटर. शेंगदाण्यासमोर नुसती रेघ. बेरीज 2,300. त्याच्या पुढच्या महिन्याची 2,960. मी तिथंच बसून तिन्ही आकडे मिळवले आणि तिनाने भागले. बरोबर साडेतीन हजार आले, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. श्रावणात कानबाईचा सण झाला, त्यानंतर तेच. दिवाळीनंतरचं पान अजून कोरं होतं, पण त्यावर काय लिहिलं जाणार हे मला कळलं होतं.

आई, मला तुझ्या हिशोबाचा अभिमानच आहे. डालड्याच्या रिकाम्या डब्यांत तू पैसे वेगळे ठेवायचीस. किराणा, दूध, शाळा, आखाजी. एका डब्यातले दुसऱ्यात कधी गेले नाहीत. माझा संसार मी त्याच चार डब्यांवर चालवते, फक्त आता डब्यांऐवजी पाकिटं आहेत. पण या वहीत मला एवढंच दिसलं, की आम्ही चार दिवस पोटभर जेवून जातो आणि तुम्ही दोघं दोन महिने ते आपल्या ताटातून भरून काढता. बजेट एकदाही मोडत नाही, कारण मोडेल तिथं तुमचा घास कमी होतो. आणि मी दर वेळी भरलेला डाळीचा डबा पाहून निश्चिंत मनानं परत यायचे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, डाळ-दूध रोज असतं ना? तू म्हणालीस, रोज असतं. मीही शेजारी बसून मान हलवली. हिमोग्लोबिन 9.2 आहे आई. बायकांचं 12 च्या वर हवं. तुला वट्ट्यावर चढताना चक्कर आली ती उन्हानं आली नव्हती.

एक किलो डाळ, दोन माणसं, तीस दिवस. माणशी रोज सतरा ग्रॅमसुद्धा होत नाही, म्हणजे एक मूठही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शिका काढली, तिच्यात माणशी रोज 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत आणि दूध 300 मिली. तेल सगळं मिळून 27 ग्रॅम. आता तुझी वही बघ. डाळ हवी त्याच्या पाव भागाहून कमी आणि तेल महिन्याला तीन किलो. दोघांना 1,600 ग्रॅमच्या आसपास पुरतं. विप्रो ज्या तेलावर उभी राहिली त्या तेलाचं गाव आपलं अमळनेर, तर्रीशिवाय भाजी आपल्याला भाजी वाटत नाही, हे मला कळतं. पण दाबायचा हात डाळीवर पडला आणि तेलावर पडला नाही, एवढंच चुकलंय.

म्हणून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. ठरवल्या म्हणजे करूनच टाकल्या आहेत. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुमचं नको मोडायची हिंमत मला समोर बसून होत नाही.

एक तारखेपासून रोज अर्धा लिटर गाईचं दूध लावलंय. तीन महिन्यांचे पैसे दिले आहेत. दूधवाल्या भाऊंना सांगून ठेवलंय की आई पाव लिटर म्हणाली तरी अर्धाच लिटर मापायचा. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काकांच्या वहीत माझ्या नावाचं वेगळं पान उघडलंय. आखाजी, कानबाई, दिवाळी, आम्ही येऊ त्या आठवड्याचा माल त्या पानावर लिहायचा. तुझ्या साडेतीन हजारांत तो येणार नाही.

आई, याला शिधा म्हणू नकोस. माहेरी येताना शिधा घेऊन येणारी लेक मी नाही. मांडे तूच करशील, खापरही तूच तापवशील, पहिला मांडा मलाच वाढशील. फक्त त्याचे पैसे पुढच्या दोन महिन्यांच्या वरणातून जाणार नाहीत. आणि आप्पा, तुम्ही "लेकीच्या घरचं कसं घ्यायचं" म्हणणार, ते मला इथं बसून ऐकू येतंय. बारावीनंतर मला जळगावला ठेवायचं की नाही यावर घरात बैठक बसली होती, तेव्हा काय म्हणाला होतात ते आठवा. काकांसमोर म्हणाला होतात. मग आता दुधाला तेवढा लेक-लेकीत फरक कशाला करायचा? आजीला तुम्ही पगारातून दूध आणि गूळ लावून दिला होता. आजीही नको नकोच म्हणायची, आणि पेला मात्र तळापर्यंत रिकामा असायचा.

दादाला मी सांगितलंय. त्याला वाईट वाटू देऊ नका आणि तुम्हीही मनात काही आणू नका. सुरतेत उधन्याला खोलीचं भाडं, दोन पोरांची शाळा, त्यातून तो जे पाठवतो ते कमी नाही. त्यानंच म्हटलं, दूध तू लाव, दवाखान्याचं मी बघतो. आमचं दोघांचं एकमत झालंय, तेव्हा एकाची तक्रार दुसऱ्याकडे करून उपयोग नाही.

आता महिन्याच्या बजेटचं. साडेतीन हजारच ठेव आई, मी तो आकडा वाढव म्हणत नाही. तो तुझा आहे. फक्त आतली मांडणी मी थोडी बदलली आहे आणि यादी दुकानातल्या काकांकडे दिली आहे. डाळी-कडधान्यं सगळी मिळून चार किलो: तूर दीड, मूग एक, बाकी मटकी, चणा, उडीद. तुकडा डाळ घेतलीस तरी चालेल, मिलमध्ये दाणा फुटला म्हणून कस जात नाही. माझ्याच गल्लीत डाळ मिलचे कामगार राहतात, त्यांच्या घरी तीच शिजते. सुटीच घे. जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. तेल दोन किलो. पिशवी घेतलीस तर वजन वाचायला आप्पांना सांग. एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅम, आणि हल्ली तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत कमी भरतं. भाव किलोवर काढायचा, पिशवीवर नाही. साखर चारऐवजी तीन किलो. वट्ट्यावरच्या मंडळींचा चहा बंद करा असं मी म्हणत नाही आप्पा, तुमची एसटी डेपोतली सगळी माणसं आता त्या चहापुरतीच भेटतात. कप तेवढा लहान घ्या. मी सहा कप पाठवतेय.

हे सगळं मिळवून फरक जेमतेम तीस-चाळीस रुपयांचा पडतो, आणि तो साबणात निघतो. दहा रुपयांच्या पुड्या घेण्यापेक्षा साबणपावडर किलोनं घ्या. अंगाच्या साबणाच्या वडीवरचा आणि टूथपेस्टवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, जुन्या छापील किमतीनं कुणी दिलं तर विचारा.

शेंगदाण्यासमोर रेघ मारायची नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर नुसता ठेचा खाऊन उठायचं नाही. ठेचा असला की त्यात मूठभर शेंगदाणे पडलेच पाहिजेत, आणि शेजारी वाटीत वरण. थंडीतलं भरीत मी बंद करत नाही, पण पुरी नको, दादर ज्वारीची भाकर घ्या. आणि घरात केळी ठेवा. चोपडा-यावलची केळी देशभर जातात आणि माझ्या आईच्या घरात एकादशीशिवाय केळं नाही, हे मला सहन होत नाही.

आई, लहानपणी मला वाटायचं तुला पातळ वरणच आवडतं. पातेल्याच्या तळची घट्ट डाळ दादाच्या आणि माझ्या ताटात यायची, आप्पांच्या डब्यात जायची, आणि वरचं पिवळं पाणी भाकरीवर ओतून तू चुलीपुढंच जेवायचीस. मी एकदा हट्ट करून तुझ्यासारखं पातळ वरण मागितलं होतं. तू मला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, तुला नाही पचायचं. मी खरं मानलं. किती वर्षं खरं मानलं! त्या दिवशी वही वाचताना ते आठवलं आणि पदर तोंडावर धरून बसले. पोरगी विचारत होती, मम्मी काय झालं. तिला काय सांगणार.

आप्पा, एसटीची नाइट आउट ड्युटी करून तुम्ही पहाटे यायचात. खाकी खिशातून कागदात बांधलेली गोडीशेव निघायची, आणि स्वतः काय खाल्लं हे तुम्ही कधी सांगितलं नाही. तेव्हा आम्ही विचारलं नाही. आता विचारतोय, तर खरं सांगा.

पेन्शनचं मला माहीत आहे. तुम्ही मोर्चाला जरूर जा. ईपीएस-95 वाल्यांची, म्हणजे पीएफच्या पेन्शनवाल्यांची, साडेसात हजारांची मागणी योग्यच आहे, उभी हयात रस्त्यावर गाडी चालवल्यावर तीन हजारांच्या आत घर कसं चालवायचं? मोर्चाच्या दिवशी घरून डबा आणि पाणी न्या, नुसत्या चहावर राहू नका. पण ती वाढेल तेव्हा वाढेल, आजची डाळ तिच्या नावावर थांबवू नका. शेताच्या नफ्याचे पैसे आले की या वर्षी त्यातून पन्नास किलो तूर बाजूला घ्या. नवी तूर निघतेच आहे. भरडून-पाखडून तीस-बत्तीस किलो डाळ सुटेल, वर्षभर तुरीकडे बघायला नको. भरडायला बाई लावा. आईनं जात्याला हात लावलेला मला कळला, तर मी मिळेल त्या गाडीनं येईन.

आणि आई, लाडक्या बहिणीचे दीड हजार तू नातीच्या नावानं पोस्टात टाकतेस. तिच्या शिक्षणाचं आम्ही बघू. ते पैसे सरकारनं तुझ्या हातात दिले आहेत. गोळ्या, फळं, अंगाला लावायचं तेल, तुला वाटेल त्यावर खर्च कर. निदान पाचशे तरी स्वतःवर घाल, बाकीचे टाक हवं तर. रेशनचं ई-केवायसी आप्पांचा अंगठा उमटत नाही म्हणून अडलं होतं, ते दिवाळीत चेहरा दाखवून मोबाइलवर झालंय. आता दुकानदारानं परत पाठवलं तर मला फोन करा. रांगेत उभं राहून हात चोळत बसू नका.

लोहाच्या गोळ्या जेवणानंतर, आणि त्याबरोबर चहा नाही. चहानं लोह अंगी लागत नाही, तासभर जाऊ दे. वरणावर लिंबू पिळ. गुरुवार कर, मी मोड म्हणत नाही, देवीवर तुझी श्रद्धा आहे. पण दिवसभर नुसत्या साबुदाण्यावर नको. दूध घे, केळं घे, शेंगदाण्याचा लाडू घे. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं, मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय.

त्या दिवशी मी एकटीच येईन. माझ्यासाठी वेगळं काही आणू नकोस, काही गोड करू नकोस. तुम्ही दोघं आदल्या दिवशी जे जेवला असाल तेच मला वाढ. आल्यावर मी आधी डाळीचा डबा उघडून बघणार आहे, आणि मग आपण तिघं बरोबर बसून जेवू. तूसुद्धा, आमच्याबरोबर, ताट घेऊन.

दोघांना नमस्कार. पोरांचा पापा.

तुमची,
बेबी

ता. क. सहा कपांच्या खोक्यात चष्म्याची पावती ठेवली आहे. पैसे भरले आहेत. दुकानात विचारत बसू नका, फक्त घेऊन या.