लुगड्याचे दोन गुण

अमळनेर

बापू,

तीन महिने पत्र नाही म्हणून शिव्या देत असशील. दे. गुडघा तसाच, साखर तशीच. फोनवर हे बोललो नाही, कारण वहिनी स्पीकर लावतात.

परवा ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली. वडाजवळच्या बोयचं नाव नाही. 2018 च्या सर्वेक्षणानंतर कापलं होतं ते मोटारसायकलीपायी. "मना पोऱ्यानी गाडी शे, मनी नही," असं ती जो भेटेल त्याला सांगत फिरली. 2024 ला दिल्लीने दुचाकीची अट काढली, फ्रीजची काढली, लँडलाइनचीही. (गावातला शेवटचा डबडा फोन तुमच्याच घरी होता, म्हणजे तूही आता गरीब व्हायला मोकळा.) पण नव्या पाहणीला मोबाइल घेऊन पोरं घरोघर फिरली तेव्हा बोय सुनेच्या बाळंतपणाला सुरतेला.

मी उभा राहिलो. म्हटलं, अख्खं गाव ओळखतं तिला, घाला नाव. ग्रामसेवक म्हणाला, "गुरुजी, कोणाचं वगळायचं असेल तर आत्ता ठराव घेतो. घालायचं तर पोर्टल बंद आहे." म्हणजे शेजाऱ्याचं कापायला गाव शहाणं, आणि लिहायला अडाणी!

तू हसशील. आपण दोघांनी घरोघर फिरून केलेली 2002 ची दारिद्र्यरेषेची पाहणी आठवते ना? 13 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4, एकूण 52. जितके कमी गुण तितका गरीब, म्हणजे आपल्या वर्गातली ढ पोरं पहिल्या नंबरात. आणि राज्यात गरीब किती धरायचे तो आकडा नियोजन आयोगाने आधीच बांधून दिलेला. आधी निकाल, मग पेपर. त्यावरून मी पेटलो होतो, की गावालाच ठरवू द्या. तू म्हणालास, "गावाच्या हाती दिलं तर आधी भावकी गरीब होते." मी चहा अर्धा टाकून उठलो. पैसे तू दिलेस, ते अजून काढतोस.

भावकीचं खरंच झालं म्हणा. बागायतवाला पिवळं कार्ड घेऊन रेशनच्या रांगेत, तेही बुलेटवर.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. कपड्यांचा प्रश्न होता बघ, माणशी नग किती. बोय शेतात गेलेली. मी दोरीवरची लुगडी मोजली, पाच. दोन गुण. तू मागून म्हणालास, "आप्पा, अरे दोरीवर दोन घरांचं धुणं आहे." उन्हाचा ताव होता, अजून वीस घरं राहिली होती. मी म्हटलं, लिहिलं ते लिहिलं. ती यादीतून एका गुणाने हुकली. तिथे दिल्ली नव्हती बापू, मीच होतो, गावचा, तिला बोय म्हणणारा.

परवा सभा उठल्यावर ती माझ्याजवळ आली. राग नव्हता. नुसतं विचारलं, "गुरुजी, मना लुगडा मोजनारा तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं. ती मान हलवून गेली.

राहिलेल्यांचा अर्ज मी लिहितोय, पंचायत समितीत स्वतः नेऊन देईन. तुझ्या नातवाला नोकरी लागली ते कळलं, छान झालं. पुण्याच्या घराला पाणी येतं का आता? भरिताची वांगी निघाली आहेत, पोराबरोबर पाठवतो.

आणि आठवून लिही, त्या पाचातली तिची किती होती?

तुझा,
आप्पा